माणसाचा सिबिल स्कोअर: ‘सायको-पास’मधली पोलिसी व्यवस्था चालते कशी आणि बिघडते कुठे

सिबिल म्हटलं की आपल्याला बँक आठवते. गृहकर्जाचा अर्ज गेला की आधी स्कोअर बघतात. ३०० ते ९०० च्या दरम्यानचा तो एक आकडा चांगला निघाला तर फाइल पुढे सरकते, नाहीतर टेबलावरच पडून राहते. ‘सायको-पास’ या जपानी ॲनिमे मालिकेतल्या व्यवस्थेचं नावही सिबिलच आहे. उगम मात्र वेगळा आहे. आपलं सिबिल हे एका पतमापन कंपनीच्या नावाचं लघुरूप, तर मालिकेतलं सिबिल हे प्राचीन ग्रीक-रोमन जगातल्या भविष्य सांगणाऱ्या स्त्रियांवरून घेतलेलं नाव. नावांचा हा योगायोग असला तरी मालिका समजून घ्यायला तो फार उपयोगी पडतो. बँकेतलं सिबिल तुम्ही पैसे परत कराल का हे सांगतं. मालिकेतलं सिबिल तुम्ही उद्या गुन्हा कराल का हे सांगतं, आणि तो आकडा थेट बंदुकीला जोडलेला असतो.

पोलिसांच्या कामात एआय आणण्याच्या बातम्या आता रोजच्या झाल्या आहेत. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये पोलिसांसाठी अशा प्रणाली उभारायला ‘मार्व्हल’ नावाची स्वतंत्र कंपनी काढली. यंत्राने पुरावे चाळणं, गाडीचा नंबर शोधणं ही एक गोष्ट झाली. माणसाकडे बघून ‘हा धोकादायक आहे’ असं यंत्राने ठरवणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. या दोन गोष्टींमधली रेघ कुठे असते, हे ‘सायको-पास’ जितकं नेमकं दाखवते तितकं क्वचितच कुणी दाखवलं असेल. म्हणून मालिका पाहिलेली नसली तरी तिची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे.

मालिका कोणती, काळ कोणता

‘सायको-पास’चा पहिला सीझन ऑक्टोबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात जपानच्या फुजी टीव्हीवर आला. त्याचे २२ भाग आहेत. निर्मिती प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओची, दिग्दर्शन नाओयोशी शिओतानी यांचं आणि पटकथेची मुख्य जबाबदारी गेन उरोबुची यांची. कथा २११२ सालच्या टोकियोत सुरू होते. बाहेरचं जग अराजकात बुडालं आहे, जपानने दारं लावून घेतली आहेत, आणि देशाचा कारभार सिबिल सिस्टीम चालवते. कुणी काय शिकायचं, कुणाला कोणती नोकरी मिळेल, हे सिबिलच सांगते. नायिका आकाने त्सुनेमोरी हिला परीक्षेनंतर बऱ्याच ठिकाणी वरचा शेरा मिळाला होता. तिच्या बरोबरीच्यांपैकी सार्वजनिक सुरक्षा विभागासाठी मात्र तो एकट्या तिलाच मिळाला, म्हणून ती पोलिसात आली. हा विभाग गृहखात्याच्या हाताखाली नाही, आरोग्य-कल्याण खात्याच्या हाताखाली आहे. या समाजात गुन्हा हा आजार मानला जातो आणि पोलीस ही त्याची साथनियंत्रण शाखा आहे. पुढचं सगळं या एका प्रशासकीय तपशिलातून उलगडत जातं.

आकडा निघतो कसा

रस्त्यावर, स्टेशनात, मॉलमध्ये स्कॅनर बसवलेले आहेत. ते चालत्या माणसाची शारीरिक लक्षणं टिपतात आणि त्यावरून मनाची स्थिती मोजतात. या मोजणीला सायको-पास म्हणतात. तिचे दोन भाग ध्यानात ठेवले की पुरे.

पहिला भाग रंगछटा. मन स्वच्छ असेल तर छटा फिकी, निर्मळ. ताण, राग, भीती वाढली की ती गढूळ होत जाते. सामान्य नागरिकाला एवढंच कळतं. सकाळी उठल्यावर आज छटा कशी आहे हे बघायचं, गढूळ वाटली तर गोळी घ्यायची किंवा समुपदेशकाकडे जायचं. आपण वजनकाट्यावर उभे राहतो तसंच हे.

दुसरा भाग गुन्हा-गुणांक, म्हणजे हा माणूस गुन्हा करण्याची शक्यता किती, हे सांगणारा आकडा. १०० च्या खाली असाल तर तुम्ही नागरिक. १०० वर गेलात की ‘सुप्त गुन्हेगार’. काहीही केलेलं नसलं तरी. मग उपचारकेंद्रात रवानगी होते, आणि आकडा खाली आला नाही तर सुटका नाही. शुसेई कागारी हे पात्र पाचव्या वर्षी तपासणीत नापास झालं. त्या मुलाने तोपर्यंत काय गुन्हा केला असेल? त्यानंतर त्याने मोकळं जग पाहिलंच नाही.

आता खरी अडचण. ताप मोजताना थर्मामीटरमुळे ताप वाढत नाही. पण डॉक्टरांसमोर बसलं की काहींचं बीपी वाढतं, आणि यंत्र ती वाढ खरी म्हणूनच नोंदवतं. गुन्हा-गुणांक या दुसऱ्या जातीचा आहे. स्कॅनरने हटकलं, ड्रोन मागे लागले, माणूस घाबरला, की आकडा आणखी चढतो. धोक्याचं मोजमाप करणारी यंत्रणा स्वतःच धोका तयार करते आणि तोच पुरावा म्हणून वापरते.

डॉमिनेटर: एकाच हत्यारात पोलीस, न्यायाधीश आणि जल्लाद

पोलिसांच्या हातातल्या बंदुकीला डॉमिनेटर म्हणतात. ती आधी धरणाऱ्याची ओळख पटवते. मग समोरच्यावर रोखली की सिबिलकडून त्याचा गुणांक येतो आणि तो फक्त धरणाऱ्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला जातो. गुणांक १०० च्या खाली असेल तर चाप कुलूपबंद. १०० ते २९९ असेल तर माणूस बधिर होऊन कोसळतो. ३०० किंवा त्याहून जास्त असेल तर बंदूक स्वतःच उघडते, आकार बदलते आणि समोरचं शरीर आतून फुटतं. याशिवाय तिसरा प्रकार आहे तो ड्रोनसारख्या वस्तू नष्ट करण्यासाठी.

क्रमाने विचार करून बघा. आपल्या ओळखीच्या व्यवस्थेत आधी संशय येतो, मग तपास, मग अटक, मग आरोपपत्र, सुनावणी, निकाल, अपील आणि शेवटी शिक्षा. या प्रत्येक पायरीमध्ये अंतर असतं. कधी ते वर्षानुवर्षांचं असतं आणि त्यामुळे माणसं भरडली जातात, हे खरंच आहे. पण त्याच अंतरात साक्षीदार उलटतपासणीला सामोरा जातो, वकील उभा राहतो, चूक सापडू शकते. डॉमिनेटर हे सगळं अंतर दोन-तीन सेकंदांत संपवतो. मालिकेचा गाभा मला इथे दिसतो. पाळत आहे, गोपनीयता गेली आहे, हे तर आहेच, पण संशय आणि शिक्षा यांच्यामधली जागाच नाहीशी झाली, हे त्याहून मोठं नुकसान आहे.

बंदूक चालवणारेही दोन जातींचे. इन्स्पेक्टर म्हणजे स्वच्छ छटेचे अधिकारी. एन्फोर्सर म्हणजे सुप्त गुन्हेगारांमधूनच निवडलेले शिकारी, ज्यांना इन्स्पेक्टर सोबत असल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. असं का? गुन्हेगार पकडायचा तर त्याच्यासारखा विचार करावा लागतो, आणि तसा विचार केला की छटा गढूळ होते. म्हणून घाणीत उतरायला आधीच गढूळ ठरलेले लोक ठेवले आहेत. शिन्या कोगामी हा एके काळी इन्स्पेक्टरच होता. सहकाऱ्याच्या खुनाचा माग काढता काढता त्याचा गुणांक चढला आणि तो एन्फोर्सर झाला. तोमोमी मासाओका तर सिबिलच्या आधीच्या जमान्यातला डिटेक्टिव्ह. काम तेच, माणूस तोच. मोजपट्टी आली आणि तो गुन्हेगार ठरला.

पहिल्या भागातली बाई

सगळी यंत्रणा पहिल्याच भागात एका प्रसंगात उभी राहते. एक माणूस स्कॅनरमध्ये सापडतो, उपचार नाकारतो, पळतो आणि एका स्त्रीला ओलीस धरून पडीक वस्तीत घुसतो. तिथे तिच्यावर अत्याचार होतो. पोलीस पोहोचतात, गुन्हेगार तिच्या डोळ्यांसमोर फुटून मरतो. सुटका झाली असं आपल्याला वाटतं. पण बंदूक तिच्यावर रोखली जाते तेव्हा आवाज सांगतो की तिचाही गुणांक मर्यादेबाहेर गेला आहे. तिने काय केलं? तिच्यावर अत्याचार झाला, ती घाबरली, एवढंच. यंत्राच्या लेखी भीती आणि हिंसा यांत फरक नाही. दोन्हींनी पाणी गढूळच होतं.

ती पळते, सांडलेल्या इंधनापाशी थांबते, हातात लायटर. गुणांक ३०० च्या पार. कोगामी नेम धरतो. आणि नोकरीच्या पहिल्याच रात्री आकाने आपला डॉमिनेटर कोगामीवर चालवते. इथे एक बारीक गोष्ट बघा. तिची बंदूक त्याच्यावर उघडते, कारण तो एन्फोर्सर आहे, त्याचा गुणांक आधीच शंभरावर आहे. समोर इन्स्पेक्टर असता तर चाप दाबला गेलाच नसता. कोगामी कोसळतो आणि आकाने त्या बाईशी बोलत राहते. आकडा उतरतो. मारून टाकण्याच्या पातळीवरून बधिर करण्याच्या पातळीवर येतो, आणि मागून आलेला इन्स्पेक्टर गिनोझा तिला बधिर करतो. ती जगते.

आकानेने केलं काय, तर यंत्राने काढून टाकलेलं अंतर परत घातलं. तेवढ्या वेळात ३०० हा आकडा ३०० राहिला नाही. जो आकडा माणसाच्या चार शब्दांनी बदलतो, त्यावर देहदंड द्यायचा का? मालिका हा प्रश्न पहिल्याच भागात विचारते आणि शेवटपर्यंत सोडत नाही.

‘पण गुन्हे तर कमी झाले ना?’

हा आक्षेप रास्त आहे, आणि मालिकाही तो उडवून लावत नाही. लोक रात्री निर्धास्त फिरतात, दाराला कुलूप लावायची गरज कमी झाली आहे. सिबिलमुळे कोट्यवधी लोक शांतपणे जगतात, हे आकानेही मान्य करते.

पण ही शांतता येते कशी, हे बघण्यासाठी तिसरा भाग बारकाईने पाहावा. हाचिओजीतला ड्रोनचा कारखाना सुरक्षेसाठी बाहेरच्या नेटवर्कपासून तोडलेला आहे. कामगार आतच राहतात, करमणूक नाही. तरी सगळ्यांच्या छटा ठीकठाक. कारण ते मिळून एका सहकाऱ्याला छळतात. साहेबाला हे माहीत आहे आणि तो चालू देतो: एकाची छटा गढूळ होते, बाकीच्यांची स्वच्छ राहते, सरासरी चांगली येते. जे मोजलं जातं तेच सांभाळलं जातं, आणि न मोजलेला भार सगळ्यात दुबळ्या माणसाच्या डोक्यावर जातो. परीक्षेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलाला आदल्या वर्षीच शाळा सोडायला लावली, तर निकाल चांगला लागतो. मुलाचं काय झालं ते निकालात दिसत नाही.

दुसरी किंमत शरीर मोजतं. ताण हा वाईटच, असं धरून तो सतत काढून टाकत राहिलं तर काय होतं? मालिकेत असे रुग्ण आहेत ज्यांच्यातली जगण्याची ऊर्मीच विझते. ते बसल्या जागी हळूहळू थंड होत मरतात.

तिसरी किंमत चौदाव्या भागात आहे, आणि तो प्रसंग पाहणं अवघड आहे. माकिशिमा नावाचा सूत्रधार काही लोकांना एक हेल्मेट वाटतो. ते जवळच्या माणसाचा सायको-पास उसना घेऊन स्कॅनरला दाखवतं. ते घालून एक माणूस भर रस्त्यात, भर गर्दीत एका स्त्रीला हातोड्याने मारतो. लोक थांबून बघतात. कुणी धावत नाही, कुणी ओरडत नाही. ते क्रूर नाहीत. स्कॅनर वाजला नाही, म्हणजे जे चाललंय तो गुन्हा असूच शकत नाही, अशी त्यांची समजूत झाली आहे. ओळखण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या यंत्राला दिल्यावर डोळ्यांसमोरचा खूनही ओळखू येईनासा होतो. सुरक्षित समाजाची ही बाजू आकडेवारीत कधीच येणार नाही.

ज्याचा आकडा शून्य येतो

शोगो माकिशिमा माणसं मारतो, मारवतो आणि त्याची छटा पांढरीशुभ्र राहते. त्याच्यासारख्यांना मालिकेत ‘लक्षणरहित गुन्हेगार’ म्हणतात: रोग आहे, लक्षण नाही. अकराव्या भागात त्याने आकानेच्या मैत्रिणीला धरलं आहे. आकानेच्या एका हातात डॉमिनेटर आहे; तो गुणांक वाचत जातो आणि आकडा खाली, आणखी खाली घसरत शून्यावर येतो. चाप बंद. तिच्या समोर साधी शिकारीची बंदूकही टाकलेली आहे, जिला कुणाच्या परवानगीची गरज नाही. ती उचलूनही तिला नेम साधत नाही. मैत्रीण तिच्यासमोर मरते.

ही तिची व्यक्तिगत कमजोरी म्हणून पाहू नये. एका बंदुकीत निर्णय आधीच भरलेला येतो, दुसरीत तो स्वतः भरावा लागतो, आणि त्या समाजाने कुणालाही ती सवय लावलेली नाही. ‘गोळी मी झाडली, पण ठरवलं सिबिलने’ ही सोय पोलिसांना वर्षानुवर्षं मिळाली आहे. ती एका क्षणात काढून घेतली की काय होतं, ते इथे दिसतं.

याच्या जोडीला एक तांत्रिक कच्चेपणाही आहे. डॉमिनेटर सतत सिबिलशी जोडलेला असावा लागतो. नेटवर्क नसलेल्या भुयारात तो निव्वळ वजन होतो. अन्नाचंही तसंच: देशाचं बहुतेक खाणं हायपर-ओट्स या एकाच पिकावर उभं आहे, आणि माकिशिमा अखेरीस त्याच्यावरच घाव घालायला निघतो. सगळं एका खुंटीला टांगलं की शत्रूला फक्त ती खुंटी शोधायची असते.

सिबिलच्या आत काय आहे

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही आणि पुढे पाहायची आहे त्यांनी हा विभाग सोडून पुढे जावं, कारण इथे मोठं रहस्य फुटतं.

सिबिल संगणक नाही. तळघरात जोडून ठेवलेले दोनशेहून जास्त मानवी मेंदू म्हणजे सिबिल. आणि ते मेंदू लक्षणरहित गुन्हेगारांचे आहेत, माकिशिमाच्या जातीचे. तर्क असा: ज्यांना ही मोजपट्टी मोजू शकत नाही, ते पट्टीच्या बाहेर आहेत, म्हणून त्यांनाच पट्टी व्हायला सांगायचं. माकिशिमालाही आमंत्रण येतं. तो नाकारतो.

मोजमापाच्या कुठल्याही व्यवस्थेत एक प्रश्न असतोच. काटा बरोबर आहे का, हे कोण तपासणार? आपल्याकडे दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो आणि तो ठरावीक मुदतीने पुन्हा घ्यावा लागतो. सिबिलच्या काट्यावर शिक्का मारणारं कुणी नाही, आणि आत काय आहे हे कळलेल्याला ती जिवंत ठेवत नाही. कागारीच्या वाट्याला तेच येतं. दुसरा सीझन, २०१४ मधले ११ भाग, याच प्रश्नावर उभा आहे: सिबिल डॉमिनेटरच्या नळीसमोर उभी राहिली तर तिचा स्वतःचा गुणांक किती निघेल? माझ्या मते मांडणीत तो पहिल्याइतका घट्ट नाही, रक्तपात जास्त आहे, पण प्रश्न अचूक आहे.

‘हे सगळं कल्पनेतलं आहे’

मेंदू जोडून ठेवण्याची गोष्ट काल्पनिकच. बाकीचं तितकं नाही.

शिकागो पोलिसांनी २०१३ च्या सुमारास एक यादी वापरायला घेतली. त्यात माणसाला ० ते ५०० असा धोक्याचा आकडा दिला जायचा: गोळीबारात हा माणूस सापडण्याची शक्यता किती. मारणारा म्हणून की मरणारा म्हणून, हे आकडा वेगळं सांगत नव्हता. आकडा ठरवणाऱ्या घटकांमध्ये, त्या माणसावर पूर्वी किती वेळा गोळ्या झाडल्या गेल्या, हाही एक घटक होता. म्हणजे तुम्ही हल्ल्याचे बळी असाल तर तुमचा आकडा वाढायचा. पहिल्या भागातली ती बाई आठवा. २०१६ मध्ये रँड या संशोधन संस्थेने सुरुवातीच्या यादीचा अभ्यास केला. यादीत नाव असल्याने माणूस गोळीबारापासून वाचण्याची शक्यता वाढली नव्हती. गोळीबाराच्या प्रकरणात त्याला अटक होण्याची शक्यता मात्र वाढली होती. २०१९ च्या अखेरीस शिकागोने तो प्रकार बंद केला. कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ शहराने २०२० मध्ये गुन्ह्याचं भाकीत करणाऱ्या पोलिसी प्रणालींवर बंदीच घातली. युरोपीय संघाच्या एआय कायद्यानुसार फेब्रुवारी २०२५ पासून, केवळ स्वभावगुणांच्या किंवा प्रोफाइलच्या आधारे एखादी व्यक्ती गुन्हा करेल असं ठरवणाऱ्या प्रणालींना मनाई आहे.

मन वाचून पुरावा मिळवण्याची वाट तर आपल्या दारावरून गेली आहे. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा अहवाल आरोपीविरुद्ध ग्राह्य धरला गेला आणि जगभर त्याची चर्चा झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. स्वतःच्या मनाचं दार आतून लावून घेण्याचा हक्क, असं त्याचं सोप्या शब्दांत वर्णन करता येईल. सिबिलच्या जपानमध्ये तो हक्क नाही.

‘सुप्त गुन्हेगार’ हा शब्दही आपल्याकडे नवा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मापासूनच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट होती, हजेरी द्यावी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. चोरी कुठेही झाली तरी पोलीस आजही आधी पारधी वस्तीवर येतात. कागारीचं पाचवं वर्ष वाचताना मराठी वाचकाला हे आठवलंच पाहिजे.

‘मग गुन्हा घडायची वाट बघत बसायचं का?’

नाही, आणि कुठलाच समाज तसं बसत नाही. आपली तडीपारी हा प्रतिबंधच आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ प्रमाणे गुंडगिरी करणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दीबाहेर काढता येतं. पण त्याआधी त्याला नोटीस द्यावी लागते, आरोपांचं स्वरूप सांगावं लागतं, म्हणणं मांडू द्यावं लागतं, आणि आदेश निघाल्यावर सरकारकडे अपील करता येतं. या तरतुदींचा गैरवापर होतो, न्यायालयं असे आदेश रद्दही करतात. रद्द करता येतात, कारण मध्ये अंतर ठेवलेलं आहे आणि कारणं कागदावर लिहावी लागतात. आपल्या सिबिल स्कोअरचंही तसंच: वर्षातून एकदा अहवाल फुकट मागता येतो, चूक असेल तर तक्रार करता येते.

मालिका जन्मली त्या जपानमध्ये हे अंतर आधीच तोकडं असल्याची टीका होते. तिथे आरोप न ठेवता संशयिताला २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं, आणि खटला उभा राहिला की दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त आहे. त्याच जपानने मे २००९ मध्ये गंभीर खटल्यांत सामान्य नागरिकांना न्यायाधीशांशेजारी बसवायला सुरुवात केली. साधारणपणे तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक. नागरिकाने स्वतः निकाल द्यायचा, त्याचं ओझं वाहायचं. ‘सायको-पास’ त्यानंतर तीन वर्षांनी आली आणि तिने ते ओझं पूर्णपणे उतरवून टाकलेला समाज दाखवला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की मालिका जास्त कळते.

‘आकाने ती यंत्रणा मोडत का नाही?’

बरेच प्रेक्षक इथे नाराज होतात. तिला सगळं कळतं, तरी ती सिबिल चालू ठेवते. कारण व्यावहारिक आहे. दवाखाने, अन्न, नोकऱ्या, पोलीस, सगळं त्यावर चालतं. उद्या बंद केली तर पहिले मरतील ते दुबळे. माकिशिमाने हेल्मेटं वाटल्यावर उसळलेल्या दंगलीत तिने ते पाहिलं आहे. म्हणून ती एक दिवस माणसं स्वतःच हे नाकारतील असं सिबिलला तोंडावर सांगते आणि तोवर आतून काम करते. कायदा ही लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवलेली इच्छा आहे आणि ती जपण्याची जबाबदारी माणसांची आहे, असं ती मानते. त्यामुळे कोगामीने स्वतःच्या हाताने माकिशिमाला मारू नये, यासाठी ती शेवटपर्यंत धावते. पोहोचत नाही. कोगामी त्याला साध्या रिव्हॉल्व्हरने मारतो, ज्यात ना कुलूप आहे ना आकडा. सिबिलने अंतर काढून टाकलं होतं. सूडानेही तेच केलं. आकानेचं दुःख त्या दोन्हींसाठी आहे.

पाहायची तर कोणत्या क्रमाने

पहिल्या सीझनचे २२ भाग आधी. तेवढेच पाहिले तरी गोष्ट पूर्ण होते. पुढे जायचं तर २०१४ चा दुसरा सीझन, २०१५ चा चित्रपट, २०१९ चे ‘सिनर्स ऑफ द सिस्टीम’ हे तीन छोटे चित्रपट, मग २०२३ मध्ये आलेला ‘प्रॉव्हिडन्स’. हा उशिरा प्रदर्शित झाला, पण कथेच्या क्रमाने तिसऱ्या सीझनच्या आधी बसतो. त्यानंतर २०१९ चा आठ मोठ्या भागांचा तिसरा सीझन आणि शेवटी २०२० चा ‘फर्स्ट इन्स्पेक्टर’. लहान मुलांसोबत पाहू नये. लैंगिक अत्याचार आणि शरीराची चिरफाड उघडपणे दाखवली आहे. पहिला सीझन संपल्यावर पहिला भाग पुन्हा लावून पाहा. शेवटच्या भागात नवीन इन्स्पेक्टर मुलगी कामावर रुजू होते आणि पहिल्या रात्री गिनोझाने आकानेला ज्या शब्दांत एन्फोर्सरांची ओळख करून दिली होती, जवळपास त्याच शब्दांत आकाने तिला ती करून देते. मागे एन्फोर्सरांच्या रांगेत आता गिनोझाच उभा असतो.